वादळात समुद्र चढतो तो कशाने: दाब, वारा, भरती आणि उथळ तळ

प्रश्न थोडक्यात असा आहे: चक्रीवादळ किनाऱ्याला येतं तेव्हा समुद्राचं पाणी काही मीटर वर चढतं. कुणी म्हणतं वादळाच्या केंद्रातला कमी दाब पाणी वर ओढतो, कुणी म्हणतं वारा पाणी ढकलतो, आणि बातम्यांमध्ये भरतीची वेळ सांगत असतात. यातलं खरं कारण कोणतं? आणि सारख्याच ताकदीच्या दोन वादळांपैकी एकात गावंच्या गावं बुडतात, दुसऱ्यात पाणी जेमतेम वाळू ओलांडतं, असं का?

कारणं तिन्ही खरी आहेत, पण त्यांचा वाटा सारखा नाही. दाबाने पाणी बहुधा मीटरभराच्या आतच चढतं. वाऱ्याने ते पाच-सात मीटरही चढू शकतं. भरती तर वादळाची नसतेच. ती आपल्या वेळेला येते आणि जाते, पण पाणी बांधाच्या अलीकडे थांबणार की पलीकडे जाणार हे बऱ्याचदा तीच ठरवते. चौथी गोष्ट प्रश्नात आलेली नाही आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे: किनाऱ्यासमोरचा समुद्र किती उथळ आहे आणि तो उथळपणा किती लांबवर पसरला आहे. भरतीमापकांच्या नोंदी तपासण्यात आणि पाण्याच्या पातळीचे अंदाज काढण्यात माझी बरीच वर्षं गेली. नवीन किनाऱ्याचं काम हातात आलं की मी आधी त्या समुद्राच्या खोलीचा नकाशा उघडतो, वादळांच्या नोंदी नंतर बघतो.

एक शब्दाची अडचण आधी मिटवू. मराठी बातम्यांत याला 'वादळी लाट' म्हणतात. लाट म्हटलं की येते, फुटते, परत जाते असं चित्र उभं राहतं. इथे तसं घडत नाही. इथे समुद्राची अख्खी पातळीच वर येते आणि काही तास वरच राहते. धरणाचा फुगवटा मागे मागे पसरत जातो, तसं पाणी खाड्यांतून, नाल्यांतून, रस्त्यांवरून आत सरकतं. लाटा असतात, पण त्या या चढलेल्या पाण्याच्या पाठीवर. शब्द चुकला की काय होतं हे फिलिपिन्समध्ये दिसलं. 8 नोव्हेंबर 2013 रोजी हैयान वादळ धडकलं तेव्हा 'स्टॉर्म सर्ज'चा इशारा आधी दिलेला होता. पण ते शब्द म्हणजे नेमकं काय, हे टॅक्लोबान शहरातल्या अनेकांना उमगलं नव्हतं. 'सुनामी येतेय म्हणाले असते तर आम्ही पळालो असतो' अशा अर्थाचं बोलणं वाचलेल्या लोकांकडून नंतर पुन्हा पुन्हा ऐकू आलं. त्या वादळात देशात 6,300 माणसं गेली. म्हणून मी इथे 'लाट' टाळून सरळ 'सर्ज' म्हणतो.

आता दाब. कमी दाब पाणी 'ओढतो' ही समजूत फार पसरलेली आहे, आणि ती थोडी उलटी आहे. हवा कुठेच पाणी ओढत नाही, ती सगळीकडे दाबतेच. वादळाच्या केंद्रात ती कमी दाबते आणि भोवती जास्त, म्हणून भोवतालचं पाणी केंद्राखाली सरकतं आणि तिथली पातळी उंचावते. पाण्याने भरलेल्या मऊ पिशवीवर कडेने हात ठेवला की मधला भाग वर येतो, तसंच. याचं गणित सोपं आहे: दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण 1 सेंटीमीटर चढतो. समुद्रसपाटीवर हवेचा सरासरी दाब 1013 हेक्टोपास्कल धरतात. केंद्रात 963 असेल तर अर्धा मीटर, 913 असेल तर एक मीटर. आजवर समुद्रसपाटीवर मोजलेला सर्वांत कमी दाब 870 हेक्टोपास्कल, 1979 सालच्या टिप नावाच्या टायफूनमधला. तिथेसुद्धा हा हिशोब दीड मीटरच्या आतच थांबतो.

हा आकडा समोर ठेवून 12 नोव्हेंबर 1970 च्या रात्रीकडे बघा. त्या रात्री भोला चक्रीवादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशच्या, किनाऱ्यावर आदळलं. केंद्रातला दाब सुमारे 960 हेक्टोपास्कल होता. म्हणजे दाबाच्या खात्यावर जमा होतो तो अर्धा मीटर. प्रत्यक्षात पाणी कित्येक मीटर चढलं, बेटंच्या बेटं धुऊन गेली, आणि मृतांचा अंदाज तीन ते पाच लाखांच्या दरम्यान आहे. मग उरलेले मीटर कुठून आले?

वाऱ्यातून, आणि तळाच्या उथळपणातून. हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे.

वारा पाण्याच्या पृष्ठभागावर घासतो आणि वरचं पाणी आपल्याबरोबर ढकलत नेतो. समुद्र खोल असेल तर ढकललेलं पाणी पुढे जाऊन खाली उतरतं आणि खालच्या खाली मागे फिरतं. त्याला परतायला वाट असते, म्हणून पातळी फारशी बदलत नाही. उथळ समुद्रात ती वाट बंद असते. वरून वारा दामटतोय, खाली तळ लागलाय, समोर किनारा आहे. पाण्याला जायला जागाच नाही, म्हणून ते तुंबतं. किनाऱ्याकडे चढत जाणारा एक उतार तयार होतो आणि तो इतका चढतो, की त्या उतारावरून मागे घसरू पाहणारं पाणी आणि वाऱ्याचा रेटा यांची बरोबरी होते. बरोबरी होते तिथे पातळी स्थिरावते.

या बरोबरीतून जो हिशोब निघतो त्यात तीन गोष्टी आहेत. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर रेटा चौपट. वारा जितक्या लांबीच्या पाण्यावरून वाहतो तितका चढ जास्त. आणि खोली जितकी कमी, तितका चढ जास्त. ताशी 108 किलोमीटर वेगाचा वारा 100 किलोमीटर लांबीच्या पाण्यावर सरळ किनाऱ्याकडे वाहत राहिला असं धरा. खोली 20 मीटर असेल तर किनाऱ्याला पाणी ढोबळमानाने एक मीटर चढतं. खोली 10 मीटर असेल तर दोन मीटर. आणि खोली 2,000 मीटर असेल तर? एक सेंटीमीटर. वारा तोच, लांबी तीच. आता वेग 144 किलोमीटर करा आणि खोली 10 मीटर ठेवा, आकडा पावणेचार मीटरच्या आसपास जातो. कागदावरचा हा हिशोब प्रत्यक्ष किनाऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, तळ कुठे सपाट नसतो आणि वारा इतका वेळ एका दिशेला टिकत नाही. पण समोर खोल समुद्र असलेल्या बेटांवर मोठमोठी वादळं आदळूनही सर्ज एक-दोन मीटरवर थांबतो आणि गंगेच्या मुखाशी तो इतका का चढतो, याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे.

दाब आणि भरती बाजूला काढून फक्त वाऱ्याचं काम बघायचं असेल तर उत्तर अमेरिकेतल्या ईरी सरोवराचं उदाहरण मला फार आवडतं. गोडं पाणी, भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, सरासरी खोली जेमतेम 19 मीटर, लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या वर. नैर्ऋत्येकडून जोराचा वारा सरोवराच्या लांबीला धरून वाहिला की बफेलो शहराकडचं टोक चढतं आणि टोलेडोकडचं उतरतं. दोन टोकांच्या पातळीत दोन मीटरहून जास्त फरक पडतो. त्यासाठी चक्रीवादळ लागत नाही, हिवाळ्यातला एक दमदार वारा पुरतो.

समुद्राच्या तळाचा जो भाग किनाऱ्यापासून हळूहळू उतरत जातो त्याला आपण शाळेत समुद्रबूड जमीन म्हणून शिकलो. सर्जची खरी भट्टी तीच. बंगालच्या उपसागराच्या वरच्या टोकाला ती शंभर किलोमीटरहून जास्त रुंद आहे. नद्यांनी हजारो वर्षं गाळ ओतून ती उथळ करून ठेवली आहे. शिवाय किनारा नरसाळ्यासारखा आत निमुळता होत जातो, म्हणजे दोन्ही बाजूंनी दाटलेल्या पाण्याला वर चढण्यावाचून मार्ग उरत नाही. त्यातून मागची जमीन इतकी सपाट, की दोन मीटर पाणी आलं तरी ते कित्येक किलोमीटर आत जातं. उंचवटाच नाही, जायचं कुठे? टॅक्लोबानही अशाच निमुळत्या होत जाणाऱ्या उपसागराच्या टोकाला वसलेलं आहे.

आता वारा कोणत्या बाजूला किनाऱ्याकडे वाहतो ते पाहू. उत्तर गोलार्धात चक्रीवादळातला वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. तुम्ही वादळाच्या मागे उभे राहून ते ज्या दिशेला चाललंय तिकडे तोंड केलंत, तर उजव्या हाताला वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि डाव्या हाताला जमिनीकडून समुद्राकडे जातो. त्यात वादळाचा स्वतःचा पुढे सरकण्याचा वेग उजवीकडे मिळवायचा आणि डावीकडे वजा करायचा. फिरणारा वारा ताशी 120 किलोमीटर आणि वादळाची चाल 20 असेल, तर ढोबळ हिशोबाने उजवीकडे 140 आणि डावीकडे 100. वर्गाचा नियम लावला की उजवीकडचा रेटा डावीकडच्या जवळजवळ दुप्पट होतो. दक्षिण गोलार्धात हे सगळं उलट.

म्हणून नकाशावर वादळाची रेघ ज्या गावावर टेकते तिथेच सर्वांत जास्त पाणी येईल असं नाही. सर्वांत जास्त पाणी त्या रेघेच्या उजवीकडे येतं, जिथे वारा सर्वांत जोरात असतो तितक्या अंतरावर. हे अंतर वादळागणिक बदलतं, कधी वीस किलोमीटर, कधी साठ. रेघ थोडी सरकली की एका गावाच्या वाट्याचं पाणी दुसऱ्या गावाला जातं. रेघेकडे बघत बसणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, रेघेला रुंदी नसते, वादळाला असते.

आणि डावीकडे? तिथे समुद्र मागे हटतो. सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा वादळाच्या वेळी फ्लोरिडातल्या टॅम्पा उपसागराचं पाणी इतकं ओसरलं की तळ उघडा पडला आणि लोक तिथे चालत फिरायला गेले. 2022 साली इयान वादळात तोच उपसागर पुन्हा तसाच रिता झाला. अशा वेळी तळावर उतरू नये. वादळ पुढे सरकलं की वाऱ्याची दिशा फिरते आणि हटलेलं पाणी परत येतं. ते किती वेगाने येईल हे तिथे उभ्या असलेल्या माणसाला सांगता येत नाही.

पृथ्वीच्या फिरण्याचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही आणि कधी कधी अंदाज काढणाऱ्यांच्याही हातून निसटतो. उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी सरळ न जाता उजवीकडे वळतं. त्यामुळे वारा किनाऱ्याला समांतर वाहत असला आणि किनारा त्याच्या उजव्या हाताला असला, तरी पाणी किनाऱ्याकडे चढतं. याला वेळ लागतो, म्हणून ते मोठ्या पसाऱ्याच्या, सावकाश चालणाऱ्या वादळांत दिसतं. सप्टेंबर 2008 मध्ये आइक वादळ टेक्ससच्या किनाऱ्याला येत होतं. ते पोचायच्या बारा ते चोवीस तास आधीच पाणी दोन मीटरच्या आसपास चढलं होतं, आणि तेव्हा वारा किनाऱ्याकडे तोंड करून वाहतही नव्हता. 'वादळ रात्री येणार, दुपारपर्यंत निघू' असं ठरवणाऱ्यांचे रस्ते सकाळीच पाण्याखाली गेले असतील, तर ते यामुळे.

आता दुसरा प्रश्न, सारख्या ताकदीची दोन वादळं. वादळांची वर्गवारी वाऱ्याच्या वेगावरून करतात, अमेरिकेत एक ते पाच अशा श्रेणींत, पाचवी सर्वांत जोरदार. सर्जला वेग लागतोच, पण वादळाचा पसारा, त्याची चाल, किनाऱ्याशी होणारा कोन आणि समोरची खोली हेही तितकंच लागतं. 2004 चं चार्ली वादळ चौथ्या श्रेणीचं होतं, पण पसारा अगदी आटोपशीर. त्याचा सर्ज दोन मीटरच्या आसपास राहिला. 2005 चं कतरिना जमिनीवर आलं तेव्हा तिसऱ्या श्रेणीत उतरलेलं होतं, आणि मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पास ख्रिश्चन गावाजवळ पाणी साडेआठ मीटरच्या जवळ गेलं. त्याच परिसरात 1969 साली कामील नावाचं पाचव्या श्रेणीचं वादळ येऊन गेलं होतं, त्याचं पाणी सात मीटरच्या वर गेलेलं. कामीलला आपलं घर टिकलं, मग याला काय घाबरायचं, असा हिशोब केलेले लोक होते आणि तो हिशोब अनेकांच्या जिवावर बेतला. कतरिनाचा पसारा कितीतरी मोठा होता, आधी मेक्सिकोच्या खुल्या आखातात ते पाचव्या श्रेणीचं असताना त्याने जे पाणी हलवलं होतं ते श्रेणी उतरली म्हणून थांबलं नाही. पाणी जड असतं. ते उशिरा हलतं आणि उशिराच थांबतं. किनाऱ्यावरच्या दाबाचा हिशोब इथेही करून बघा: केंद्रात 920 हेक्टोपास्कल, म्हणजे साडेआठ मीटरांतलं दाबाचं देणं एका मीटरच्या आत.

दाबाला मात्र एका ठिकाणी थोडा न्याय द्यायला हवा. दाबाने आलेला फुगवटा वादळाबरोबर चालतो. उथळ पाण्यात लांब लाटेला स्वतःचा एक वेग असतो आणि तो फक्त खोलीवर ठरतो: 20 मीटर खोलीत ताशी सुमारे 50 किलोमीटर, 10 मीटरमध्ये 36. वादळाची चाल या वेगाशी जुळली तर झोक्याला नेमक्या वेळी धक्का मिळावा तसा फुगवटा वाढत जातो. अशा जुळणीत एक-दोन हेक्टोपास्कलची दाबाची उडीसुद्धा बंदरात धिंगाणा घालू शकते, त्याला हवामानी सुनामी म्हणतात. तो वेगळाच विषय आहे.

आता भरती. इथे लोक मला सर्वांत कमी प्रश्न विचारतात आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात.

भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या ओढीने होते, वर्षभराचं वेळापत्रक आधी छापून ठेवता येतं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमाराला भांगाची. सर्ज या चढउतारावर स्वार होतो. बांध, रस्ता, घराचा उंबरा यांना पाण्याची एकूण पातळी कळते, तिच्यातलं किती वादळाचं आणि किती चंद्राचं हे कळत नाही.

सँडी वादळात हे अगदी जवळजवळच्या दोन ठिकाणी दिसलं. 29 ऑक्टोबर 2012, पौर्णिमा. न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला बॅटरी नावाच्या ठिकाणी भरतीमापक आहे. तिथे सर्ज सुमारे 2.9 मीटर होता आणि तो रात्रीच्या भरतीच्या माथ्याजवळ आला. समुद्र भुयारी रेल्वेत उतरला. त्याच शहराच्या पूर्वेला, लाँग आयलंडच्या सामुद्रधुनीच्या पश्चिम टोकाशी किंग्ज पॉइंटला सर्ज याहून मीटरभर जास्त होता, सुमारे 3.86 मीटर. पण तो ओहोटीच्या वेळेला आला. वादळ सहा तास पुढेमागे झालं असतं, तर दोन्ही किनाऱ्यांच्या गोष्टी अदलाबदल झाल्या असत्या.

यावरून लक्षात येईल की भरतीचं मोठेपण जागेवर अवलंबून आहे. मेक्सिकोच्या आखातात भरती-ओहोटीतलं अंतर मीटरभरही नसतं, तिथे वादळ कधीही आलं तरी फार फरक पडत नाही. खंबातच्या आखातात हे अंतर दहा मीटरच्या घरात जातं. तिथे तीन मीटरचा सर्ज भर ओहोटीला आला, तर रोजच्या भरतीच्या खुणेलाही पोचणार नाही. तोच भर उधाणाला आला तर त्या किनाऱ्याने न पाहिलेलं पाणी येईल. 26 मे 2021 रोजी यास वादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पौर्णिमा होती, खग्रास चंद्रग्रहणाची. वादळ म्हणून ते आदल्या वर्षी बंगालवर आलेल्या अम्फानच्या तोडीचं नव्हतं, पण उधाणाच्या भरतीने सुंदरबनातले आणि दिघ्याकडचे मातीचे बांध अनेक ठिकाणी ओलांडले.

इथपर्यंत मी भरती आणि सर्ज यांची सरळ बेरीज केली. खरं म्हणजे ती सरळ नाही. वाऱ्याने चढणारं पाणी खोलीवर अवलंबून असतं हे वर आलंच. ओहोटीला खोली कमी, म्हणून तोच वारा जास्त पाणी चढवतो. भरतीला खोली जास्त, म्हणून थोडं कमी. शिवाय सर्जमुळे खोली वाढली की भरतीची लाट जरा वेगाने पळते आणि वेळेच्या आधी पोचते. लंडनच्या थेम्स नदीच्या मुखाशी सर्जचा माथा भरतीच्या माथ्यावर क्वचितच बसतो, बहुधा त्याच्या तीन ते पाच तास आधी येतो. निसर्गाने दिलेली ही थोडी सूट. मात्र तिच्या भरवशावर कुणी बांध बुटका बांधत नाही.

ही गोष्ट नोंदी वाचतानाही फसवते, आणि सुरुवातीच्या काळात मीही फसलो आहे. मापकावरच्या पातळीतून वेळापत्रकातली भरती वजा केली की उरतो तो सर्ज, अशी सोपी रीत आहे. पण समजा भरती-ओहोटीतलं अंतर पाच मीटर आहे आणि भरती वीस मिनिटं लवकर आली. मधल्या वेळेला पाणी तासाला सव्वा मीटरने चढत असतं, म्हणजे वजाबाकीत चाळीस सेंटीमीटरचा 'सर्ज' दिसतो, जो मुळात नव्हताच. फक्त घड्याळ चुकलेलं असतं. म्हणून आता त्या भरतीत प्रत्यक्षात गाठलेली सर्वांत वरची पातळी आणि वेळापत्रकातली सर्वांत वरची पातळी यांचीच तुलना करतात, मग दोन्ही वेगवेगळ्या मिनिटाला आलेल्या का असेनात. बुडण्याशी संबंध असतो तो या फरकाचा.

सर्ज फक्त चक्रीवादळांचाच असतो असंही नाही. थंड प्रदेशातली मोठी वादळं वाऱ्याने सौम्य, पण पसाऱ्याने अफाट आणि मुक्कामाला चिवट असतात. 31 जानेवारी 1953 च्या रात्री उत्तर समुद्रावर वायव्येकडचा वारा त्या समुद्राच्या लांबीभर वाहत होता. हा समुद्र दक्षिणेकडे उथळ आणि अरुंद होत जातो, म्हणजे पुन्हा नरसाळंच, आणि भरती उधाणाची. नेदरलँड्समध्ये 1,836 आणि इंग्लंडमध्ये 307 माणसं बुडाली. पाणी ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्याने तासातासाने दक्षिणेकडे उतरत गेलं, मग पलीकडे डच किनाऱ्याला लागलं. वरच्या गावांना कळलेलं खालच्या गावांना वेळेत कळलं नाही. 5 डिसेंबर 2013 ला इंग्लंडच्या त्याच किनाऱ्यावर काही ठिकाणी 1953 पेक्षा जास्त पाणी आलं, आणि मृत्यू अगदी मोजके झाले, कारण मधल्या साठ वर्षांत बांध, थेम्स नदीवरचा सर्ज अडवणारा दरवाज्यांचा अडसर आणि इशाऱ्याची साखळी उभी राहिली होती.

मुक्काम लांबला की भरतीचा विचारच बदलतो. चक्रीवादळाचा सर्ज साधारण सहा-आठ तासांचा, तो एखादी भरती चुकवू शकतो. मार्च 1962 मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक वादळ तीन दिवस रेंगाळलं आणि ओळीने पाच भरत्यांवर स्वार झालं. पहिल्या भरतीने वाळूच्या टेकड्या खाल्ल्या, दुसरी-तिसरी त्या भगदाडांतून आत आली. तिथे ओहोटीची आशा धरण्यात अर्थच नव्हता.

लाटांबद्दल थोडंच सांगतो. किनाऱ्याला फुटणाऱ्या लाटा आपल्याबरोबर पाणी आणून टाकतात, त्याने पातळी आणखी चढते. समोर लगेच खोल समुद्र असलेल्या बेटांवर वाऱ्याचा चढ नगण्य आणि लाटांचाच मुख्य असतो. दुसरं म्हणजे, लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या मर्यादेत राहते. एरवी मोठ्या लाटा दूरवरच फुटतात. सर्जने दोन मीटर पाणी वाढवलं की त्याच लाटा न फुटता घरांच्या भिंतींपर्यंत येतात. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचं वजन टनाच्या वर भरतं. भिंती पडतात त्या या माऱ्याने. यात भर म्हणून पाऊस. समुद्र चढलेला असताना नद्या-नाल्यांचं पाणी बाहेर पडू शकत नाही आणि शहर मागच्या बाजूनेही भरतं. समुद्राची सरासरी पातळी 1901 ते 2018 या काळात जगभरात सुमारे 20 सेंटीमीटर चढली आहे, तेवढी पायरी आता प्रत्येक वादळाला आयती मिळते.

शेवटी, इशारा वाचायचा कसा. भारतीय हवामान विभागाच्या पत्रकात सर्जचा आकडा बहुधा 'खगोलीय भरतीच्या वर इतके मीटर' असा असतो. तो जमिनीवरच्या पाण्याची खोली सांगत नाही. त्यात तुम्हाला त्या तासाची भरती मिळवायची आणि तुमच्या जागेची उंची वजा करायची. अमेरिकेच्या पत्रकात 'जमिनीवर इतकं पाणी' असं लिहितात, तो हिशोब आधीच केलेला असतो. दोन्हीतला 'दोन मीटर' सारखा नाही, आणि एकाचं पत्रक दुसऱ्याच्या डोळ्याने वाचलं की गडबड होते. जमिनीची उंचीही कुठल्या शून्यापासून मोजली आहे ते बघा: भरतीच्या तक्त्याचं शून्य आणि जमिनीच्या नकाशाचं शून्य बऱ्याचदा वेगळं असतं, आणि त्यांच्यातलं अंतर मीटरांत असू शकतं.

वादळ ओहोटीला येईल म्हणून थांबावं का, असं मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. वादळ किनारा कधी ओलांडेल याचा अंदाज चोवीस तास आधी काही तासांनी चुकणं अगदी नेहमीचं आहे. भरतीच्या माथ्यापासून ओहोटीच्या तळापर्यंत सव्वासहा तास लागतात.